आवक-जावक रजिस्टर आणि दोनदा कापलेले पंचेचाळीस रुपये

मित्रहो, ‘पब्लिश-सबस्क्राइब’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हे आपल्या मासिकाबद्दलच काहीतरी असणार. संपादक पब्लिश करणार आणि आपण सबस्क्राइब करणार! नंतर कळलं की मी फारसा चुकलो नव्हतो. फरक एवढाच की इथे लिहिणारा आणि वाचणारा दोघेही प्रोग्राम असतात, आणि वाचणाऱ्याने एकच बातमी दोनदा वाचली तर कुणाचं तरी जेवण बुडू शकतं. हो, अक्षरशः! कसं ते सांगतो.

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे होस्टेलच्या मेसचं टोकन. खिडकीपाशी क्यूआर कोड दाखवायचा, हिरवी खूण आली की ताट घ्यायचं. ‘क्लाउडवर’ करायचं म्हणून आम्ही कामाचे चार तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा वेगळी सेवा. खिडकीची सेवा टोकन देणार. हिशोबाची सेवा खात्यातून रु. ४५ कापणार. स्वयंपाकघराची सेवा किती पानं झाली ते मोजणार, म्हणजे पोळ्या किती लाटायच्या ते कळेल. आणि चौथी सेवा घरी एसएमएस पाठवणार, ‘आपल्या पाल्याने जेवण केले’. (ही कल्पना आमच्या गाइड सरांची. पोरांनी त्यांना अजून माफ केलेलं नाही.)

पहिली रचना अगदी सरळ होती. कोड स्कॅन झाला की खिडकी एकेका सेवेला हाक मारायची, उत्तराची वाट पाहायची, मग पुढचीला. तिन्हींनी ‘हो’ म्हटलं की हिरवी खूण. डेमोला झकास चाललं.

आणि मग आली फीस्ट! त्या रात्री एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडून उत्तर यायला वीस-वीस सेकंद लागत होते. रांगेत साठ जण. साठ गुणिले वीस, म्हणजे शेवटच्या माणसाला वीस मिनिटं नुसतं ताटकळणं! गुलाबजाम समोर आणि हिरवी खूण गायब. रेक्टर सर आले आणि एकच वाक्य बोलले, “घरी मेसेज गेला नाही म्हणून पोराला जेवायला मिळत नाही, हा कुठला न्याय?”

सरांचा विषय मेकॅनिकल, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. याला कपलिंग म्हणतात. एका सेवेचा पाय दुसरीच्या पायाला बांधलेला. समजा चारही सेवा प्रत्येकी ९९ टक्के वेळ नीट चालतात आणि आपापल्या कारणाने बंद पडतात. चारही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता काढायची तर ०.९९ चारदा गुणायचं, उत्तर येतं साधारण ०.९६. म्हणजे शंभर टोकनांमागे चार अडकणार. सेवा वाढवत गेलो की हा आकडा आणखी घसरतो.

उपाय कुठे सापडला म्हणाल? कॉलेजच्या ऑफिसात. बोनाफाइड काढायला गेलो होतो, टेबलावर आवक-जावक रजिस्टर पडलेलं. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख, विषय. नोंद करणारा पुढे कुणाच्या मागे धावत नाही. ज्या विभागाला गरज आहे तो येऊन आपल्या सवडीने वाचतो. पब्लिश-सबस्क्राइब म्हणजे हेच! खिडकीने फक्त लिहायचं, ‘रोल नंबर अमुक, रात्रीचं जेवण झालं’. कोण वाचणार, केव्हा वाचणार, याची तिला फिकीर नको. एसएमएसवाली सेवा तासभर झोपली तरी चालेल. उठली की मागच्या नोंदी वाचेल आणि कामाला लागेल. तोवर पोरं जेवून गाढ झोपलेली असतील.

ज्या विषयाची नोंद करायची त्या रजिस्टरला म्हणतात टॉपिक. रजिस्टर सांभाळणारा तो ब्रोकर. इथे रांग आणि टॉपिक यांत गल्लत करू नका (व्हायवाला हमखास विचारतात). रांगेतला निरोप पोळीसारखा, एकाने खाल्ली की संपली. टॉपिकवरचा निरोप नोटीस बोर्डासारखा, तो प्रत्येक वर्गणीदार वाचतो.

ही कल्पना जुनी आहे. १९८७ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या केन बर्मन आणि थॉमस जोसेफ यांनी आपल्या ‘आयसिस’ प्रणालीवरच्या शोधनिबंधात ‘न्यूज’ नावाची अशीच एक सोय मांडली होती. पुढे मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवे यांनी ती धंद्यात आणली. हार्डवेअरच्या बसवर जशी कार्डं खोचतात तसे प्रोग्राम एका ‘इन्फर्मेशन बस’वर खोचायचे, ही त्यांची कल्पना. शेअर बाजारातल्या दलालांच्या टेबलांवर भाव याच मार्गाने पोचू लागले. १९९७ साली निघालेल्या त्यांच्या टिब्को कंपनीचं नावच मुळी ‘द इन्फर्मेशन बस कंपनी’चं लघुरूप आहे. आम्ही वापरलं ते काफ्का. हे लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे यांनी बनवलं आणि २०११ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या, पीआयसीटीत इंजिनिअरिंग शिकल्या. म्हणजे आपल्यासारख्याच कुठल्यातरी लॅबमध्ये जर्नल पूर्ण करत बसल्या असतील! नाव मात्र फ्रान्झ काफ्का या लेखकाचं, कारण ही प्रणाली ‘लिहिण्यात’ पटाईत.

आता काफ्काच्या पोटात शिरू. नोंद नेहमी शेवटी जोडली जाते, मधली खोडता येत नाही. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो, तो ऑफसेट. वाचणारी सेवा आपण कुठवर वाचलं तो क्रमांक नोंदवून ठेवते. वाचली म्हणून नोंद पुसली जात नाही. वेगळं काही सांगितलं नाही तर ती ७ दिवस ठेवलेली असते.

वाचणाऱ्यांची गर्दी झाली की रजिस्टराचे भाग पाडतात, ते पार्टिशन. आम्ही रोल नंबरवरून भाग ठरवला, म्हणजे एका मुलाच्या सगळ्या नोंदी एकाच भागात जातात. हे महत्त्वाचं, कारण क्रमाची हमी फक्त एका भागाच्या आत असते. दोन वेगळ्या भागांतली कुठली नोंद आधी वाचली जाईल, सांगता येत नाही. एकाच सेवेच्या अनेक प्रती मिळून एक कन्झ्युमर ग्रुप होतो आणि ते भाग आपसांत वाटून घेतात. भाग तीन आणि प्रती पाच असतील तर दोघी नुसत्या बसून राहतात. आम्ही पाच प्रती चालवून ‘वेग का वाढत नाही’ म्हणून एक अख्खी रात्र घालवली आहे, तुम्ही घालवू नका.

राहिला शिलकेचा प्रश्न. खात्यात पैसे आहेत का हे खिडकीला लगेच कळायला हवं. त्यासाठी पुन्हा हिशोबाच्या सेवेला हाक मारली तर पाय पुन्हा बांधला गेला! म्हणून हिशोबाची सेवा रक्कम बदलली की दुसऱ्या टॉपिकवर नवी शिल्लक लिहायची आणि खिडकी त्यावरून आपल्याजवळ एक प्रत ठेवायची. प्रत क्षणभर शिळी असू शकते, पण एका वेळेला एकच ताट असल्यामुळे ते चालण्यासारखं होतं.

आता रांग झपाझप सरकू लागली आणि आम्ही छाती फुगवून फिरू लागलो. आठ-दहा दिवस गेले. एका रात्री मेसचे काका भांडी आवरता आवरता म्हणाले, “तो कोपऱ्यात बसणारा फर्स्ट इयरचा पोरगा दोन दिवस दिसला नाही रे. घरी गेलाय का?”

तो घरी गेला नव्हता. त्याच्या रूमवर गेलो तर टेबलावर बिस्किटाचे पुडे. खिडकीवर ‘शिल्लक अपुरी’ असं लाल अक्षरात आलं होतं, मागे रांग उभी होती, म्हणून तो गपचूप निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. घरून पैसे यायला महिनाअखेर होती आणि घरी फोन करून मागायची लाज वाटत होती. “मीच हिशोबात चुकलो असेन दादा,” म्हणाला.

चुकलो आम्ही होतो. त्याच्या खात्यातून आठवड्यात तीन जेवणांचे पैसे दोनदा कापले गेले होते. तीन गुणिले पंचेचाळीस, रु. १३५. तसे ते बऱ्याच जणांचे कापले होते, पण ज्यांच्या खात्यात भरपूर होते त्यांना पत्ताही लागला नव्हता. याची भूक मात्र त्यात गेली.

कारण ऐका. हिशोबाची सेवा आम्ही सगळ्यात स्वस्त मशीनवर ठेवली होती. मेमरी भरली की ती मधेच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायची. नोंदी ती हप्त्याने उचलायची, काफ्कात एका हप्त्यात न सांगता जास्तीत जास्त ५०० येतात. पैसे कापून झाले, पण ‘इथवर वाचलं’ हा ऑफसेट नोंदवायच्या आत मशीन पडली. उठल्यावर तिच्या मते त्या नोंदी वाचलेल्याच नव्हत्या. कापा पुन्हा!

मग आधी ऑफसेट नोंदवून नंतर पैसे कापले तर? मध्येच पडलं तर पैसे कापलेच जाणार नाहीत, मेसचं नुकसान. पहिल्या पद्धतीत निरोप ‘निदान एकदा’ पोचतो, दुसऱ्या पद्धतीत ‘फार तर एकदा’. बहुतेक प्रणाली पहिली पद्धत धरतात. गुगल क्लाउडच्या पब-सबमध्येही पोच द्यायला न सांगता १० सेकंद मिळतात, तेवढ्यात पोच आली नाही तर निरोप पुन्हा येऊ शकतो. काफ्कात २०१७ पासून ‘नेमकं एकदा’ची सोय आहे, पण ती काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती. आपला बाहेरचा डेटाबेस किंवा एसएमएस तिच्या हातात नाही.

काकांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “माझ्या वहीत असं होत नव्हतं. टिक मारायच्या आधी मी बघायचो, आधीची टिक आहे का.”

झालं! चार महिन्यांचा प्रोजेक्ट काकांनी एका वाक्यात तपासला. पुस्तकात याला आयडेम्पोटंट म्हणतात, तेच काम दहादा केलं तरी परिणाम एकदाच. आम्ही प्रत्येक जेवणाला खिडकीपाशीच एक वेगळा क्रमांक दिला. हिशोबाच्या डेटाबेसमध्ये ‘झालेल्या नोंदी’ असं एक टेबल, त्यात तो क्रमांक दोनदा येऊच शकत नाही. क्रमांक लिहिणं आणि पैसे कापणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, दोन्ही होतील किंवा एकही नाही. नोंद पुन्हा आली तर टेबल नकार देतं आणि आपण पुढे सरकतो. एसएमएसला हा उपाय पुरा लागू पडत नाही, कारण गेलेला मेसेज परत घेता येत नाही. पण घरी दोनदा मेसेज गेल्याने कोणी उपाशी राहत नाही.

मागोमाग आणखी दोन भोकं बुजवली. खिडकी आधी आपल्या डेटाबेसमध्ये टोकन लिहायची, मग टॉपिकवर. मधे पडली तर टोकन आहे पण बातमी नाही! म्हणून आता ती टोकन आणि बातमी दोन्ही आपल्याच डेटाबेसमध्ये एका ट्रान्झॅक्शनने लिहिते, आणि एक छोटा प्रोग्राम तिथून बातम्या उचलून टॉपिकवर टाकतो. हा आउटबॉक्स. दुसरं म्हणजे रोल नंबरच नसलेली एखादी खराब नोंद आली की वाचणारी सेवा तिथेच डोकं आपटत बसायची. आता तीन प्रयत्नांनंतर ती नोंद वेगळ्या टॉपिकवर ठेवतो आणि सकाळी एक माणूस ती पाहतो. तो माणूस म्हणजे सध्या मीच.

तर मित्रहो, प्रोजेक्टमध्ये पब-सब घालायचा मोह झाला तर आधी विचारा, उत्तर आत्ता हवंय का? हवं असेल तर सरळ हाक मारा. ‘घडलं ते कळवायचंय’ एवढंच असेल तर रजिस्टरमध्ये लिहा. आणि लिहिलंत तर ते दोनदा वाचलं जाणार, हे पहिल्या दिवसापासून धरून चाला.

ज्यांचे जादा कापले होते त्या सगळ्यांचे पैसे आम्ही परत जमा केले. ‘शिल्लक अपुरी’ ही लाल पाटी काढली. आता शिल्लक संपली तरी ताट मिळतं आणि हिशोब नंतर होतो. हा नियम रेक्टर सरांचा. आणि काकांची वही खिडकीपाशी अजून आहे, ती काढायला आम्ही सांगितलेलं नाही.