प्रतिस्पर्धी संघातील गैरप्रकार आणि प्रशिक्षकाचे जाहीर भाष्य : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या संदर्भात

प्रस्तावना

अमेरिकेत 'फुटबॉल' या शब्दाने जो खेळ ओळखला जातो तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण घालून खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे तेथील विद्यापीठीय जीवनातील स्थान आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवरून कल्पिता येणे कठीण आहे. मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट या विद्यापीठांच्या क्रीडांगणांत एका सामन्यास लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी कर्मचारी हा राज्यपाल किंवा कुलगुरू नसून सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल वा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. अशा व्यक्तीचा शब्द हा केवळ एका क्रीडाशिक्षकाचा शब्द राहत नाही. तो संस्थेचा शब्द मानला जातो.

प्रतिस्पर्धी विद्यापीठात एखादा गैरप्रकार उघडकीस आला असता या प्रशिक्षकाने त्यावर जाहीरपणे काय बोलावे, किती बोलावे व कोठे बोलू नये, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. 'काहीच बोलू नये' हे उत्तर सोपे आहे, परंतु व्यवहार्य नाही. हंगामात दर आठवड्याला पत्रकार परिषद घेणे व स्वतःच्या नभोवाणी कार्यक्रमात भाग घेणे हा अशा प्रशिक्षकाच्या कामाचाच भाग असतो. प्रश्न विचारला जाणारच असतो आणि गप्प राहण्यासही अर्थ चिकटवला जातो.

नियमांची चौकट

या क्षेत्राचे नियमन दोन स्तरांवर होते. राष्ट्रीय पातळीवर नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे 'एनसीएए', नियमभंगाची चौकशी करते, तर विद्यापीठांचे प्रादेशिक गट, ज्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात, आपापल्या सदस्यांच्या वर्तनाचे नियम ठरवितात. दक्षिणेकडील साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या नियमानुसार प्रशिक्षकांनी व प्रशासकांनी अन्य सदस्य संस्था, त्यांचे कर्मचारी किंवा खेळाडू यांच्यावर रोख धरून जाहीर टीका करू नये. याशिवाय, ज्या शालेय खेळाडूने अद्याप प्रवेशपत्रावर स्वाक्षरी केलेली नाही त्याच्याविषयी प्रशिक्षकाने जाहीरपणे फारसे बोलू नये, असाही एनसीएएचा नियम आहे. चौकशी चालू असलेल्या प्रकरणाबाबत संबंधित संस्थांनी गोपनीयता पाळावी, हे तर अपेक्षितच असते.

हे नियम केवळ शिष्टाचारापोटी केलेले नाहीत. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक हा तटस्थ साक्षीदार नसतो, ही त्यांमागील मूळ जाणीव आहे. समोरच्या संघावर बंदी आली तर त्याला विजयाची संधी मिळते आणि खेळाडू भरतीच्या वेळी पालकांपुढे मांडण्यास एक मुद्दाही मिळतो. हितसंबंध असलेल्या माणसाचे म्हणणे खोटेच असते असे नाही. परंतु त्याची शहानिशा करणारे कोणी मध्ये नसेल तर ऐकणाऱ्याला सत्य व स्वार्थ वेगळे करता येत नाहीत.

दोन उथळ आरोप

फेब्रुवारी २००९ मध्ये टेनेसी विद्यापीठाचे नवे प्रशिक्षक लेन किफिन यांनी नॉक्सव्हिल येथे समर्थकांच्या न्याहारीच्या कार्यक्रमात फ्लोरिडाचे प्रशिक्षक अर्बन मेयर यांच्यावर फसवणुकीचा आरोप केला. एक शालेय खेळाडू टेनेसीच्या आवारात भेटीसाठी आलेला असताना मेयर यांनी त्याला दूरध्वनी केला, हा नियमभंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वास्तविक तसा दूरध्वनी करण्यास कोणताही नियम आड येत नव्हता. कॉन्फरन्सने किफिन यांनाच जाहीर ताकीद दिली, प्रशिक्षकांना नियम ठाऊक असावेत अशी अपेक्षा व्यक्त केली, आणि किफिन यांना क्षमा मागावी लागली. जो श्रोतृवर्ग टाळ्या वाजविण्यासाठीच जमलेला असतो, त्याच्यापुढे माणूस नियमपुस्तक उघडून पाहत नाही, हेच येथे दिसते.

मे २०२२ मधील प्रसंग अधिक गुंतागुंतीचा होता. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा यांच्या वापरातून पैसे मिळविण्याची मुभा मिळाली होती. अलाबामाचे निक सेबन यांनी बर्मिंगहॅम येथील एका कार्यक्रमात बोलताना टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या संघातील प्रत्येक खेळाडू पैशाने विकत घेतला, असे विधान केले. दुसऱ्याच दिवशी तेथील प्रशिक्षक जिंबो फिशर यांनी तातडीने पत्रकार परिषद बोलावून सेबन यांच्यावर व्यक्तिगत टीकेची झोड उठविली. हेच फिशर पूर्वी लुइझियाना स्टेट विद्यापीठात सेबन यांचे सहायक होते. कॉन्फरन्सने दोघांनाही जाहीर ताकीद दिली. सेबन यांनी विशिष्ट संस्थांची नावे घेतल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

सेबन यांना जो मुद्दा मांडावयाचा होता, म्हणजे नव्या व्यवस्थेत पैशाच्या बळावर संघ उभे राहतील ही भीती, तो गंभीर होता व त्यावर चर्चा होणे आवश्यकही होते. एका नावाने ती चर्चा बुडाली. धोरणावर टीका करताना प्रतिस्पर्ध्याचे उदाहरण देण्याचा मोह आवरता आला असता, तर फिशर यांना उत्तर देण्याचे कारणच उरले नसते.

तक्रारीचा मार्ग आणि त्याची किंमत

मग ठोस माहिती हाती आली असता प्रशिक्षकाने करावे तरी काय? नियमाचे उत्तर स्पष्ट आहे : ती आपल्या विद्यापीठाच्या क्रीडासंचालकांमार्फत कॉन्फरन्सकडे वा एनसीएएकडे द्यावी. टेनेसीचे तत्कालीन प्रशिक्षक फिलिप फुल्मर यांनी २००० साली अलाबामाच्या खेळाडू भरतीविषयी एनसीएएला गोपनीयपणे माहिती दिली होती. त्या प्रकरणात फेब्रुवारी २००२ मध्ये अलाबामावर दोन वर्षांची बाद सामन्यांची बंदी व पाच वर्षांची परिवीक्षा लादण्यात आली. अलाबामाच्या एका धनिक पाठीराख्यास २००५ मध्ये न्यायालयात दोषीही ठरविण्यात आले. म्हणजे संशय निराधार नव्हता.

तथापि फुल्मर यांचे नाव पुढे न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आले. जुलै २००४ मध्ये अलाबामा राज्यात भरलेल्या कॉन्फरन्सच्या वार्षिक पत्रकार मेळाव्यास, तेथे आपल्यावर समन्स बजावले जाईल या शंकेने, ते गेलेच नाहीत. त्याबद्दल त्यांना १०,००० डॉलर दंड झाला. अलाबामाच्या पाठीराख्यांच्या दृष्टीने ते कायमचे चहाडखोर ठरले. योग्य मार्गाने जाणाऱ्यालाही त्याचा मोबदला द्यावा लागतो, ही गोष्ट अशा विवेचनात बहुधा सोयीस्करपणे गाळली जाते. तरीही एक फरक उरतोच. फुल्मर यांनी दिलेली माहिती तपासली गेली, उलटतपासणीस सामोरी गेली आणि टिकली. किफिन यांचे विधान तपासताच कोसळले.

येथे एक उपप्रकार नोंदविणे आवश्यक आहे. 'नाव छापू नका' असे सांगून पत्रकारांना दिलेली माहिती ही खासगी राहते, असा पुष्कळांचा समज असतो. मिसिसिपी विद्यापीठाच्या प्रकरणात चौकशीतील नियमभंगाचा बराचसा दोष पूर्वीचे प्रशिक्षक ह्यूस्टन नट यांच्या काळातील असल्याचे पत्रकारांच्या मनावर बिंबविण्यात आले, असा आरोप करून नट यांनी जुलै २०१७ मध्ये दावा दाखल केला. त्यानिमित्ताने तत्कालीन प्रशिक्षक ह्यू फ्रीझ यांच्या दूरध्वनीच्या नोंदी मागविल्या गेल्या. त्यांतून जे वेगळेच प्रकरण बाहेर आले त्यामुळे फ्रीझ यांना त्याच महिन्यात राजीनामा द्यावा लागला. ऑक्टोबरमध्ये तडजोड होऊन विद्यापीठाने नट यांची क्षमा मागितली. नट हे त्या वेळी प्रतिस्पर्धी नव्हते, पूर्वसूरी होते. परंतु धडा तोच आहे.

मिशिगन, २०२३

या विषयाचा खरा कस लागला तो २०२३ च्या हंगामात. मैदानाबाहेरून प्रशिक्षक हातवाऱ्यांनी व फलकांनी खेळाडूंना पुढील चाल सांगतात. समोरच्याने सामना चालू असताना त्या खुणा पाहून ओळखल्या तर त्यात गैर काही नाही. परंतु भावी प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यास आधीच माणूस पाठवून पाहणी करण्यास एनसीएएने १९९४ पासून मनाई केली आहे. मिशिगन विद्यापीठाचा एक कर्मचारी नेमके हेच करवीत असल्याची चौकशी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाली, तेव्हा हंगाम निम्म्याहून अधिक उरकला होता व मिशिगन अपराजित होते. ज्यांचे सामने अजून व्हावयाचे होते त्यांना हा प्रश्न तात्त्विक नव्हता.

४ नोव्हेंबर रोजी मिशिगनशी खेळणाऱ्या पर्ड्यू विद्यापीठाचे प्रशिक्षक रायन वॉल्टर्स यांनी दोन दिवस आधी आपल्या नभोवाणी कार्यक्रमात, हे केवळ आरोप नाहीत, तसे घडलेले आहे, चित्रफिती व तिकिटांच्या नोंदी आहेत, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्याच ओघात आपल्या खेळाडूंना नव्या खुणा शिकवाव्या लागल्या, खेळण्याची पद्धत बदलावी लागली, असेही त्यांनी सांगितले. या उद्गारांचे दोन भाग करून पाहणे उद्बोधक ठरते. नव्या खुणा शिकवाव्या लागल्या, हे त्यांच्या स्वतःच्या संघाविषयीचे, प्रत्यक्ष ज्ञानाचे विधान होते व ते करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. किंबहुना गैरप्रकाराची झळ कोणाला व कशी बसते हे लोकांना कळण्याचा तोच प्रामाणिक मार्ग होता. 'घडलेले आहे' हा मात्र निकाल होता, आणि निकाल देण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी होते. सामना मिशिगनने ४१–१३ असा जिंकला.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये एनसीएएच्या समितीने नियमभंग झाल्याचा निर्णय देऊन मिशिगनवर जबर आर्थिक दंड बसविला आणि तोपर्यंत विद्यापीठ सोडून गेलेले प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर दहा वर्षांचे निर्बंध जाहीर केले. म्हणजे वॉल्टर्स यांचे म्हणणे वस्तुतः बरोबर निघाले. मग त्यांचे काय चुकले, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. उत्तर असे की, सत्य ठरण्यापूर्वीचे त्यांचे विधान आणि किफिन यांचे विधान यांत ऐकणाऱ्याला फरक करण्याचे साधन नव्हते. दोघेही तितक्याच खात्रीने बोलत होते. शिवाय अशा विधानाला प्रत्युत्तर लगेच येते. वॉल्टर्स यांच्या उद्गारांनंतर थोड्याच दिवसांत, पर्ड्यूसह बिग टेनमधील काही संघांनी २०२२ मध्ये मिशिगनच्या खुणांची आपापसांत देवाणघेवाण केली होती, अशा बातम्या प्रसिद्ध झाल्या. तशी देवाणघेवाण नियमबाह्य नव्हती. पण चर्चा मूळ नियमभंगावरून 'तुम्ही तरी कोणते धुतल्या तांदळाचे' या दिशेला वळली.

याउलट मिशिगनचे परंपरागत प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांनी या विषयावर बोलणे टाळले. तरीही तक्रारीमागे ओहायो स्टेटच असल्याच्या अफवा समाजमाध्यमांत पसरल्याच. मौनाने संशय टळत नाही. मात्र मौन पाळणाऱ्याला पुढे कोणतेही विधान मागे घ्यावे लागत नाही. बिग टेनच्या प्रशिक्षकांनी आपली नाराजी कॉन्फरन्सच्या आयुक्तांसमोर बैठकीत मांडली आणि १० नोव्हेंबर रोजी आयुक्तांनी हार्बॉ यांना नियमित हंगामातील उरलेल्या तीन सामन्यांसाठी मैदानावर येण्यास मनाई केली. नभोवाणीवरील उद्गारांपेक्षा त्या बैठकीतील बोलणे अधिक परिणामकारक ठरले, असे म्हणण्यास जागा आहे. २०२४ पासून शिरस्त्राणातील ध्वनियंत्राद्वारे खेळाडूशी बोलण्याची परवानगी मिळाल्याने खुणांचा प्रश्नही बराच सौम्य झाला.

जेथे खेळाचा प्रश्नच नसतो

वरील सर्व विवेचन स्पर्धेच्या नियमांपुरते आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये पेन स्टेटचे माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांना लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या आरोपाखाली अटक झाली. जून २०१२ मध्ये ते ४५ आरोपांत दोषी ठरले. अशा वेळी 'आम्ही आमच्या सामन्याकडे लक्ष देत आहोत' हे नेहमीचे ठरीव वाक्य क्रूर वाटते. येथे प्रशिक्षकाने पीडितांचा उल्लेख प्रथम करावा, प्रतिस्पर्धी संघाच्या अडचणीविषयीची सहानुभूती नंतर, आणि सामन्यावरील परिणामांचा उल्लेख शक्यतो करूच नये. अटकेनंतरच्या पहिल्या सामन्यात, १२ नोव्हेंबर रोजी, नेब्रास्का व पेन स्टेट यांचे खेळाडू मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून एकत्र बसले आणि नेब्रास्काच्या एका सहायक प्रशिक्षकाने प्रार्थना सांगितली. त्या प्रसंगी याहून अधिक समर्पक भाष्य दुसऱ्या कोणाला सुचले नाही.

पण आठ महिन्यांनी चित्र पालटले. जुलै २०१२ मध्ये एनसीएएने पेन स्टेटला ६ कोटी डॉलर दंड केला आणि तेथील खेळाडूंना तत्काळ अन्यत्र जाण्याची मुभा दिली. इलिनॉयचे प्रशिक्षक टिम बेकमन यांनी आपले सहायक थेट पेन स्टेटच्या गावी पाठविले व जाहीरपणे त्याचे समर्थनही केले. नियमाने ते करता येत होते. सहवेदनेचे शब्द उच्चारून झाल्यावर त्याच आवाराबाहेर खेळाडूंना गाठण्यासाठी उभे राहणे, हेही एक भाष्यच होते, आणि लोकांनी ते तसेच वाचले.

प्राध्यापक-प्रतिनिधीची भूमिका

एनसीएएच्या सदस्य संस्थांना क्रीडाविषयक बाबींसाठी एक प्राध्यापक-प्रतिनिधी नेमावा लागतो, ही गोष्ट अध्यापकवर्गाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. प्रशिक्षकावर त्याची थेट सत्ता नसते. परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षक, क्रीडासंचालक, विधी सल्लागार व जनसंपर्क अधिकारी यांना एकत्र बसवून काही गोष्टी ठरवून घेणे त्याला शक्य असते : प्रतिस्पर्ध्याविषयी माहिती मिळाल्यास ती कोणाकडे, किती दिवसांत व लेखी स्वरूपात द्यावयाची, सहायक प्रशिक्षकांनी पत्रकारांशी काय बोलावयाचे, आणि प्रश्न आलाच तर पहिले वाक्य कोणते असावे. 'आमच्याजवळ जे आहे ते आम्ही संबंधितांकडे दिले आहे' हे वाक्य खरे असेल तरच उच्चारावे, हेही त्याच बैठकीत सांगावे लागते. कारण ते दिलेले नसताना उच्चारले गेले, तर पुढच्या चौकशीत प्रशिक्षकालाच त्याचा जाब द्यावा लागतो.