मुलुंडच्या मैदानावरचा दर्यावर्दी

अगं सई, गणपतीच्या आगेमागे पाऊस उघडीप देतो ना, तेव्हा मुलुंडच्या एखाद्या मैदानात नाहीतर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन वर बघ. पिवळसर चतुरांचे थवे गिरक्या घेत असतात. तुम्ही पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणता, पण यांच्याएवढं लांब उडायचं तर हेलिकॉप्टरला तेल परवडायचं नाही!

शास्त्रज्ञ याला 'पँटाला फ्लॅव्हेसेन्स' म्हणतात. युरोपात तो क्वचितच दिसतो, उष्ण प्रदेशांत मात्र जवळपास सगळीकडे. ओळखायचा कसा? लांबी साधारण साडेचार सेंटिमीटर, अंग सोनेरी पिवळं, पंख काचेसारखे आणि मागचे दोन बुडाशी चांगले रुंद. बसतो कमीच, बसलाच तर काडीला धरून खाली लोंबतो. सोसायटीच्या भिंतीला चिकटलेला करडा, ठिपक्याठिपक्यांचा तो हा नव्हे. नाल्यावर घिरट्या घालणारा नारिंगी तोही नव्हे. आणि पंख मिटून बसणारी नाजूक ती तर टाचणी.

आता गंमत ऐक. मालदीवमध्ये चार्ल्स अँडरसन नावाचे जीवशास्त्रज्ञ राहत. तिथल्या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी दर ऑक्टोबरात हजारो चतुर हजर! आले कुठून? २००९ साली त्यांनी मांडलं, की हे भारतातून येतात आणि उंचावरचे वारे धरून पुढे सेशेल्स, पूर्व आफ्रिका गाठतात. पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर इकडे परततात. म्हणजे जो निघतो तो परत येत नाही, त्याची नातवंडं-पतवंडं येतात. चतुर इथून निघतात त्याच सुमारास अमूर ससाणेही लोणावळ्यावरून आफ्रिकेकडे निघतात. त्यांची वाटेतली शिदोरी हेच चतुर असावेत, असं अँडरसनना वाटतं.

एवढा प्रवास म्हणजे पावसामागे धावणंच, आणि त्याचं कारण पिल्लांत आहे. मादी अंडी घालते ती पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात, जिथे पिल्लांना खाणारे मासे नसतात. डबकं आटायच्या आत, दीड-दोन महिन्यांत, अळीला पंख फुटायलाच हवेत.

पण अंधेरीत मादीची फसगत होते. पाणी ती ओळखते परतणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांच्या दिशेवरून, आणि चकचकीत काळ्या-लाल गाडीवरून प्रकाश अगदी तसाच परततो. मग बिचारी उन्हात तापलेल्या बॉनेटवर शेपूट टेकवत राहते. दुपारी खाली पार्किंगमध्ये जाशील तेव्हा बघ, दिसेल.