आदर्श म्हणजे आरसा

आपल्या सीमाभागातल्या घरांत 'आदर्श' हा शब्द मराठी बोलतानाही येतो आणि कन्नड बोलतानाही. शब्द मूळचा संस्कृत आणि तिथे त्याचा एक अर्थ आरसा. आपला 'आरसा' हा शब्दही याच 'आदर्श'पासून झिजत झिजत आला आहे. कन्नडमध्ये आरशाला मात्र 'कन्नडी' हा वेगळा शब्द आहे.

क्रियापद करायचे झाले, की कन्नड 'इसु' जोडून 'आदर्शीकरिसु' म्हणते. मराठीतले 'आदर्शीकरण करणे' पुस्तकातच राहते. घरात आपण 'देव्हाऱ्यात बसवणे' म्हणतो. 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे' निराळे. तिथे माणूस समोर असतो आणि स्तुती करून त्याच्याकडून काम काढायचे असते. अशा माणसाला कन्नड 'अट्टक्केरिसु' म्हणत माळ्यावर चढवते. देव्हाऱ्यातला माणूस बहुधा हयातच नसतो.

'आदर्श मानणे' याच्याशीही गल्लत नको. आदर्श मानला, की तसे वागावे लागते. देव्हाऱ्यात बसवला, की नमस्कार केला तरी भागते.

आमच्या घरी वडील असेच देव्हाऱ्यात होते. पुतण्या गणितात नापास झाला, तेव्हा काका-आत्यांनी त्याला आजोबांची हुशारी ऐकवली. पोरगा मान खाली घालून बसला. शेवटी माझी आई बोलली. तिचे माहेर धारवाडकडचे. "अवरू देवरल्ल," ती म्हणाली, ते काही देव नव्हते. "मॅट्रिकला दोनदा बसले होते."

पोराने मान वर केली. "मग दुसऱ्या वेळी काय केलं त्यांनी, आज्जी?"

आजोबांविषयी त्याने आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न. न चुकणाऱ्या माणसाला विचारण्यासारखे काही नसते. आरशात डागही दिसावा लागतो, तरच त्यात आपला चेहरा ओळखू येतो.

आपल्याकडे 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' म्हणतात. कन्नडमध्ये तीच म्हण 'कै हुण्णिगे कन्नडी बेके' अशी आहे, म्हणजे हातावरच्या फोडाला आरसा कशाला हवा? एका भाषेला हातावरचे कांकण दिसले, दुसरीला फोड. आपल्या घरांत दोन्ही भाषा आहेत. मुलांना थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताना हातावरचे दोन्ही दाखवावे.