घटमांडणीच्या जिल्ह्यात यंत्राचे भाकीत

बुलडाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ हे गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी येथील शेतात घट मांडला जातो. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि भोवती अठरा प्रकारची धान्ये अशी ही मांडणी असते. रात्रभरात त्यात झालेले बदल पाहून दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास पाऊस व पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात. तिला शास्त्रीय आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वेळोवेळी निदर्शनास आणून देतात. तरीही शेतकरी तेथे जमतो, कारण पेरणीपूर्वी त्याला पुढचे काहीतरी कळावे अशी निकड असते.

याच निकडीला उत्तर देण्याचा दावा आता कृत्रिम बुद्धिमत्ता करीत आहे. २०२५ च्या खरीप हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने मोसमी पावसाच्या आगमनाचा या तंत्रावर आधारित अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइल संदेशाद्वारे कळविला. त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि नंतर त्याची वाटचाल सुमारे वीस दिवस थबकली. हा खंड अंदाजात आधीच दिसला होता, असे मंत्रालयाने नंतर सांगितले. घटमांडणी आणि हे यंत्र दोन्ही भाकीत करतात. मग फरक कशात आहे? त्याचे उत्तर यंत्र स्वतःच्या चुकीचे काय करते, यात सापडते.

चुकीतून शिकणारे जाळे

संगणकाला पूर्वी प्रत्येक गोष्ट नियमाने सांगावी लागत असे. पण शेंदरी बोंडअळीचा पतंग कसा ओळखावा, हे नियमांत लिहून पाहा. 'करड्या-तपकिरी रंगाचा, लहान, पंखांवर काळसर ठिपके' असे लिहिले, तर त्या वर्णनात इतर दहा किडे बसतील आणि पंख झडलेला खरा पतंग मात्र वगळला जाईल. अनुभवी कीटकशास्त्रज्ञ त्याला क्षणात ओळखतो, परंतु कसे ओळखले ते त्यालाही नेमके सांगता येत नाही.

'डीप लर्निंग' या पद्धतीत नियम सांगितले जात नाहीत, उदाहरणे दाखविली जातात. संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता होय. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी ० ते २५५ यांमधील एकेक आकडा असतो. हे आकडे एकामागून एक रचलेल्या अनेक थरांमधून जातात. प्रत्येक थरात त्यांना कमी-अधिक 'भार' देऊन त्यांची बेरीज केली जाते आणि निष्कर्ष पुढच्या थराकडे जातो. पहिले थर कडा व रेषा टिपतात, मधले थर आकार व पोत, शेवटचे थर पंख वा संपूर्ण कीटक. थर पुष्कळ असतात, म्हणून 'डीप', म्हणजे सखोल.

आरंभी हे भार वाटेल तसे घेतलेले असतात, त्यामुळे पहिले उत्तर बहुधा चुकते. योग्य उत्तर ठाऊक असल्याने चूक किती झाली ते मोजता येते. मग त्या चुकीचा हिशेब शेवटच्या थराकडून पहिल्या थराकडे उलटा नेला जातो, तिला कोणता भार किती कारणीभूत ठरला ते काढले जाते आणि प्रत्येक भार किंचित बदलला जातो. हजारो चित्रांवर हा क्रम लाखो वेळा चालला की चूक हळूहळू घटते. या क्रियेस 'बॅकप्रोपगेशन' म्हणतात.

ही कल्पना आजची नाही. चेतापेशीचे पहिले गणिती प्रारूप १९४३ चे. उलट हिशेबाची ही रीत १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या शोधनिबंधामुळे सर्वमान्य झाली. तरी पुढे पाव शतक ती मागेच राहिली, कारण पुरेशी उदाहरणे नव्हती आणि पुरेसा वेगवान संगणकही नव्हता. २०१२ मध्ये चित्रे ओळखण्याच्या 'इमेजनेट' स्पर्धेत हिंटन यांच्या चमूने चुकीचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाचे प्रमाण २६ टक्क्यांच्या घरात होते. तेथून चित्र पालटले. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हिंटन आणि जॉन हॉपफील्ड यांना या पायाभूत कामासाठीच मिळाले.

घाटाखालची पऱ्हाटी

आता घाटाखाली उतरू. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा पट्टा कपाशीचा आहे. खामगावला तर कापसासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबहून स्वतंत्र रेल्वे फाटा आणला. बोंडअळीला तोंड देणारे बीटी वाण भारतात २००२ मध्ये आले, त्याची दुसरी पिढी २००६ मध्ये आली. पुढे शेंदरी बोंडअळीने दोन्हींना दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीची धूळधाण झाली.

ही अळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड निरोगी दिसते, फोडल्यावर सरकी पोखरलेली आढळते. अळी आत शिरल्यावर फवारणीचा उपयोग नसतो, म्हणून तिच्या आधीची अवस्था, म्हणजे पतंग, पकडून मोजावा लागतो. त्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाने नर पतंग त्यांत येतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजून उपाय योजावेत, अशी कृषी शास्त्रज्ञांची शिफारस आहे.

शिफारस सोपी, मोजणी अवघड. सापळ्यात धूळ असते, तुटलेले पंख असतात, इतर किडेही असतात. मुंबईच्या 'वाधवानी एआय' या २०१८ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने नेमके हेच काम संगणकाकडे सोपविले. सापळा पांढऱ्या कागदावर रिकामा करायचा, मोबाइलने छायाचित्र काढायचे; यंत्र पतंग ओळखून मोजते आणि फवारणीची गरज आहे की नाही ते सांगते. या कामाचा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जाळ्याचे भार छाटून ते इतके लहान केले गेले की इंटरनेटची रेंज नसलेल्या शिवारातही साध्या फोनवर चालावे.

चूक दोन प्रकारची

येथे खरा प्रश्न उभा राहतो. उदाहरणादाखल असे धरू की कागदावर १०० पतंग आहेत. यंत्राने ९० मोजले. वरवर पाहता दहाचीच चूक. पण त्या ९० पैकी ९ दुसरेच किडे असतील, तर खरे पतंग ८१ च सापडले आणि १९ निसटले. दोन उलट दिशेच्या चुकांनी एकमेकींना झाकले. म्हणून जाणकार केवळ 'अचूकता किती' असे विचारीत नाहीत. किती निसटले आणि किती खोटे धरले, असे दोन वेगळे प्रश्न विचारतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन चुकांची किंमत सारखी नाही. पतंग निसटले तर बोंडे हातची जातात. खोटा इशारा मिळाला तर औषधाचा व मजुरीचा खर्च वाया जातो, शिवाय अंगावर विष उडते ते वेगळेच. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले होते. अनावश्यक फवारणी टाळणे हा निव्वळ पैशांचा प्रश्न नाही, हे तेव्हा साऱ्या विदर्भाने पाहिले.

दुसरा धोका पाठांतराचा. २०१६ मध्ये पानांवरील रोग ओळखणाऱ्या एका जाळ्याने मोठे नाव मिळविले. सुमारे ५४ हजार चित्रांच्या संग्रहावर शिकून त्याने त्याच संग्रहातील न पाहिलेल्या चित्रांवर ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता दाखविली. ती चित्रे मात्र एकसारख्या पार्श्वभूमीवर, एकाच रीतीने काढलेली होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेली चित्रे दाखविताच अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, आणि हे संशोधकांनी स्वतःच नोंदविले. प्रयोगशाळेतील टेबलावर शिकलेले जाळे संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यातील उन्हात, धुळीत गोंधळू शकते. म्हणून कोणतेही ॲप हाती घेताना, ते आपल्यासारख्या शेतातील चित्रांवर तपासले आहे काय, हे विचारणे आवश्यक ठरते.

बोलणारी यंत्रे

गेल्या काही वर्षांत या विद्येची दुसरी शाखा घरोघरी पोहोचली. २०१७ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना पुढे आली. वाक्यातील कोणत्या शब्दाचा कोणत्या शब्दाशी किती संबंध आहे, याचा भार ती काढते आणि पुढचा शब्द कोणता असावा याचे अनुमान करते. नोव्हेंबर २०२२ मधील 'चॅटजीपीटी' याच रचनेवर उभे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे मराठीत प्रश्नोत्तरे करणारे ॲप आणले आणि त्याच वर्षी कृषी क्षेत्रासाठी 'महाॲग्री-एआय' धोरणही मंजूर केले.

पतंग मोजणारे यंत्र चुकले तर कागदावरचे पतंग पुन्हा मोजून चूक पकडता येते. बोलणारे यंत्र चुकले तर त्याची भाषा तितकीच सफाईदार असते, म्हणून चूक ध्यानात येत नाही. शिवाय वऱ्हाडातला शेतकरी 'पऱ्हाटीवर डोमकळ्या लय झाल्या' असे म्हणेल. ज्या यंत्राने प्रमाण मराठीच अधिक वाचली, त्याला हे कितपत उमजेल? औषधाचे नाव आणि मात्रा यांबाबत तरी अशा उत्तराची कृषी सहायकाकडून किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींवरून खातरजमा करूनच फवारणीला हात घालावा.

या यंत्रांचे बळ त्यांना भविष्य दिसते यात नाही. आपले प्रत्येक अनुमान सत्याशी ताडून पाहता येते आणि चुकीप्रमाणे ते सुधारता येते, यात आहे. मात्र ताडून पाहायला शेतातली खरी नोंद लागते. सापळ्यात किती पतंग आले, फवारले की नाही, वेचणीत किती बोंडे किडकी निघाली, हे ज्या शेतकऱ्याने वहीत तारखेनिशी लिहून ठेवले, त्याला कोणत्याही ॲपचा खरेखोटेपणा एका हंगामात कळेल. उद्याचे यंत्र शिकेल तेही अशाच नोंदींवरून.