काटा तीसवर, गाडी जागेवर

दुसरा गिअर टाकून मिस्त्रींनी क्लच हळूहळू सोडला. इंजीन बंद पडलं नाही. ॲक्सिलरेटर दाबला तसा स्पीडोमीटरचा काटा चढत तीसवर गेला. जुनी मारुती ८०० जागची हलली नव्हती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या या गॅरेजात गाडी दोरीने ओढून आणली होती. मालक निवृत्त शिक्षक. वळताना पुढच्या डाव्या चाकातून कटकट आवाज यायचा, रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेलं. म्हणून आदल्या दिवशी दुसरीकडे त्यांनी डावा एक्सल बदलून घेतला होता. (गॅरेजवाले ज्याला एक्सल म्हणतात तो पुढचं चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट.) गाडी तिथून नीट निघाली, घरी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका चौकात स्टिअरिंग पुरतं वळवलं, खालून खडखड झाली आणि गाडी उभी राहिली. फोन केल्यावर पलीकडून निदान आलं, क्लच प्लेट गेली असणार.

मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "सर, हात शेवटचा कुठं लागला हुता?"

"एक्सलला."

"मग क्लच मधीच कशाला मरंल?"

क्लच तपासायची एक पद्धत बहुतेकांना ठाऊक असते. हँडब्रेक ओढायचा, वरचा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. इंजीन गचकून बंद पडलं तर क्लच पकडतोय. फिरतच राहिलं तर घसरतोय. इथे इंजीन फिरत राहिलं, आणि या परीक्षेपुरतं बोलायचं तर क्लच दोषी ठरला. पण एक्सल निसटलेला असेल तर ही परीक्षा खोटं बोलते. क्लच ठणठणीत असूनही इंजीन बंद पडत नाही, कारण त्याच्या जोराला आत कुठेतरी मोकळी वाट मिळालेली असते. कित्येक चांगल्या क्लच प्लेटा अशाच भंगारात जात असतील, असा मला दाट संशय आहे.

निवाडा केला तो काट्याने. ८०० मध्ये स्पीडोमीटरची केबल रस्त्यावरच्या चाकाकडून येत नाही; ती गिअरबॉक्समधून, डिफरन्शियलच्या फिरण्यावर चालते. क्लच घसरत असता तर गिअरबॉक्सच फिरला नसता आणि काटा शून्यावर राहिला असता. काटा चढतोय याचा अर्थ जोर क्लच ओलांडून, गिअर ओलांडून डिफरन्शियलपर्यंत सुखरूप पोचतोय. तुटातूट त्याच्या पुढे आहे. चाकांवरच्या सेन्सरकडून वेग मोजणाऱ्या नव्या गाड्यांत ही सोय नाही.

पण तुटला एक एक्सल, मग दुसऱ्या चाकाने तरी गाडी का ओढू नये? सरांनी हे विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "उसाला पाणी पाजताना एका सरीचा बांध फुटला की दुसरी सरी कोरडीच न्हाई का ऱ्हात?" याहून नेमकं मला सांगता येणार नाही. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ते जमावं म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. ही युक्ती मोटारगाडीहूनही जुनी आहे. पण साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना जोर सारखाच देतं. एका बाजूला अडवणारं काहीच नसेल तर तिथे जोर लागतच नाही, म्हणून दुसऱ्या बाजूलाही मिळत नाही. निसटलेल्या बाजूचा दातेरी गिअर आतल्या आत दुप्पट वेगाने गरगरतो आणि दोन्ही चाकं गप्प. अँबेसेडर, पद्मिनीचा मागचा एक्सल तुटला की हेच व्हायचं. घाटात उभ्या राहिलेल्या ट्रकांचंही हेच होतं.

पुढचा भाग जॅकवर उचलून मिस्त्रींनी खाली दोन घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ते डोकं घालत नाहीत. चाकं हवेत ठेवून इंजीन चालू करून बघू या, असं हाताखालचा आयटीआय झालेला मुलगा म्हणाला, त्याला त्यांनी एक शिवी दिली. सुटलेला शाफ्ट फिरता फिरता कुठे हाणेल याचा नेम नसतो.

इंजीन बंद, गिअर पहिल्यात. अशा वेळी उजवं चाक हाताने पुढे फिरवलं तर डावं उलटं फिरायला हवं. उजवं फिरलं, डावं ढिम्म. मग डावं फिरवलं. आता मिस्त्री चाकाकडे बघत नव्हते, खाली वाकून शाफ्टवर बॅटरी मारत होते. चाकाबरोबर शाफ्ट फिरला, म्हणजे बाहेरचा जॉइंट शाबूत. शाफ्टबरोबर आतल्या जॉइंटचा कपही फिरला, म्हणजे आतला जॉइंटही सुटलेला नाही. एक्सल उतरवताना कप न धरता शाफ्टलाच हिसका दिला तर तो जॉइंट आतल्या आत उघडू शकतो, म्हणून हे बघावं लागतं. राहता राहिली एकच जागा: कपाचं टोक गिअरबॉक्समध्ये जिथे शिरतं ती. तिथे कप आणि ऑइल सील यांच्यात बोट जाईल एवढी फट होती, आणि गिअर ऑइल ठिबकत होतं.

एक्सल हातानेच बाहेर आला. सरांनी जुना एक्सल हट्टाने मागून घेऊन डिकीत टाकला होता, तो आता कामी आला. दोन्ही शेजारी ठेवून मुलाने दाते मोजले, लांबी जुळवली. माल बरोबर होता. टोकाच्या खाचेतली लॉकची तारेची रिंग मात्र दबून वाकडी झालेली. ही रिंग आत जाताना मिटते आणि दातेरी गिअरच्या पलीकडे पोचली की उघडते. ती उघडली नाही तर एक्सल नुसत्या दात्यांवर बसतो. सरळ रस्त्याला तो निभावून नेतो. चाक पुरतं वळलं किंवा खड्ड्यात आदळलं की हळूहळू बाहेर सरकतो.

नवी रिंग ग्रीस लावून खाचेत मधोमध बसवली. ग्रीस नसेल तर ती एका बाजूला लोंबते आणि आत शिरताना पुन्हा दबते. ऑइल सीलची कडही फाटली होती, तीही बदलली. मिस्त्रींनी कप दोन्ही हातांनी सरळ धरला, दाते जुळेपर्यंत किंचित फिरवला आणि एक जोराचा धक्का दिला. काहीच झालं नाही. थोडा बाहेर घेऊन पुन्हा दिला. आतून 'टक' असा आवाज आला. त्या आवाजावरही त्यांचा भरवसा नव्हता. टॉमी लावून त्यांनी कप बाहेर खेचून पाहिला. जरासा हलला, पण आला नाही.

बॉल जॉइंट, हबचा मोठा नट, चाक ही कामं मुलाने केली. वाहून गेलेलं गिअर ऑइल भरण्याच्या भोकातून सांडेपर्यंत भरलं. घोड्या काढण्याआधी उजवं चाक फिरवून पाहिलं. डावं उलटं फिरलं.

गल्लीत दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पुरतं वळवून फेऱ्या झाल्या. बिल देताना सरांनी भीतभीतच विचारलं, आता क्लचचं काय करायचं?

"काय न्हाई," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "चार दिसांनी या, सील गळतंय का तेवढं बघतो."