हिरवा दिवा नेमके काय सांगतो?



या वेळी जळगाव आणि धुळ्याकडून आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न असा होता: ‘आमच्या कॉलेजात एका सर्व्हरवर दहा-बारा व्हर्च्युअल मशीन चालतात. देखरेखीच्या पडद्यावर हार्डवेअरच्या प्रकृतीखाली कधी सगळे हिरवे दिसते, कधी करडे, कधी काहीच नाही. विश्वास कशावर ठेवायचा?’ आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, तेव्हा हा प्रश्न आमच्याकडे कसा, असे कुणाला वाटेल. पण खानदेशात तरी या दोन गोष्टी फार लांब नाहीत. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, आणि त्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली आणि संगणक बनवू लागली. असो. प्रश्न खरोखरच आमच्या वर्गातला आहे: एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असे केव्हा म्हणता येते?

आधी यंत्र समजून घेऊ. व्हर्च्युअलायझेशन होस्ट म्हणजे एक वाडा. इमारत एक, बिऱ्हाडे अनेक. प्रत्येकाची चूल वेगळी, दार वेगळे. प्रवेशाचे काम एका बिऱ्हाडात, हिशेब दुसऱ्यात, ग्रंथालय तिसऱ्यात. जागा वाटून देणाऱ्या घरमालकाला हायपरव्हायझर म्हणतात; व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय हा त्यातला एक, आणि आज आपण तोच डोळ्यांसमोर ठेवू. आता वाड्याचे आढे कुजले तर भाडेकऱ्याला ते दिसते का? नाही. त्याला आपल्या खोलीचे छत दिसते. व्हर्च्युअल मशीनला जी डिस्क दिसते ती घरमालकाने दाखवलेली. खरी डिस्क मरायला टेकली तरी आतून सगळे ठणठणीत वाटते. म्हणून प्रकृती पाहायची तर होस्टचीच पाहायला हवी. होस्ट गेला की सगळी बिऱ्हाडे एकदम रस्त्यावर, आणि ते निकालाच्या आठवड्यात झाले तर काय होते हे कॉलेजवाल्यांना सांगायला नको.

मग होस्टला तरी कसे कळते? तिथे एक लांब साखळी आहे. सगळ्यात खाली सेन्सर: पंख्याची गती, आत येणाऱ्या हवेचे तापमान, व्होल्टेज, पॉवर सप्लाय. ते वाचतो मदरबोर्डवरचा एक छोटा स्वतंत्र संगणक, बीएमसी. डेलच्या यंत्रात त्याचे नाव आयड्रॅक, एचपीईच्या यंत्रात आयएलओ. मुख्य सर्व्हर बंद असला तरी वायरीत वीज आहे तोवर हा जागा असतो. त्याच्याशी बोलायची रीत म्हणजे आयपीएमआय. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी ती १९९८ मध्ये मांडली. होस्ट या रीतीने बीएमसीला विचारतो. शिवाय सीआयएम नावाची सेवा यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या ‘प्रोव्हायडर’कडून, म्हणजे तिच्या छोट्या प्रोग्रॅमकडून, आणखी माहिती गोळा करते, डिस्कची बहुतेक बातमी या वाटेने येते. हे सगळे व्हीसेंटरला जाते, व्हीसेंटर दिव्याला रंग देतो, आणि कुणी तशी व्यवस्था केली असेल तर ई-मेल पाठवतो. ई-मेल एका माणसाच्या फोनवर जातो, आणि तो माणूस लग्नाला गेलेला असतो!

रस्त्यात कुणी विचारतं, ‘काय भाऊ, बरं शे ना?’ आपण ‘बरं शे’ म्हणतो, अंगात ताप असला तरी. पडद्यावरचा हिरवा रंग पुष्कळदा या जातीचा असतो. तो प्रकृतीची बातमी नसून शेवटच्या निरोप्याचे म्हणणे असतो.

दिवा कशाची खूण आहे हे न विचारल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण संगणकाबाहेरचे आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षात तिच्यासाठी एक दिवा होता. तो विझला, म्हणून झडप मिटली असे चालकांनी धरले. पण त्या दिव्याला झडपेची स्थिती माहीतच नव्हती. झडपेला उघडे ठेवणारा विजेचा पुरवठा थांबला, एवढेच तो सांगत होता. म्हणजे मिटायची आज्ञा गेली. झडपेने ती पाळली का, हे सांगणारा दिवा तिथे नव्हताच. दोन तासांहून अधिक वेळ पाणी जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. धुरावरून अग्नीचे अनुमान आपण करतो ते धूर आणि अग्नी यांची व्याप्ती माहीत असते म्हणून. इथे धूर कुठल्या अग्नीचा, हेच कुणी विचारले नव्हते.

आता करड्या दिव्याकडे येऊ, म्हणजे ज्याला पडदा ‘अननोन’ म्हणतो. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. तो वाद आज बाजूला ठेवू. अट मात्र दोघांनाही मान्य आहे, ती योग्यतेची. जमिनीवर घट नाही असे केव्हा म्हणता येते? ‘असता तर दिसलाच असता’ असे म्हणता आले तर. उजेड आहे, डोळे धड आहेत, मध्ये काही आड नाही. अंधारात घट दिसला नाही, याने घट नाही हे सिद्ध होत नाही. पिशाच्च दिसले नाही म्हणून खोलीत पिशाच्च नाही, हेही सिद्ध होत नाही, कारण ते मुळात अदृश्यच मानलेले. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीच्या परंपरेतले हे नेहमीचे उदाहरण. आपल्या सर्व्हरला हाच प्रश्न लावायचा: अलार्म आला नाही हे खरे, पण बिघाड असता तर तो आलाच असता का? देखरेखीची दुरुस्ती म्हणजे या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे देता येईल इथवर पोचणे.

पहिले काम, दुसरा साक्षीदार गाठा. होस्टचा पडदा बाजूला ठेवून थेट बीएमसीच्या पानावर जा. त्याचा नेटवर्कचा पत्ता वेगळा असतो. होस्ट काय म्हणतो आणि बीएमसी काय म्हणतो, शेजारी शेजारी लिहून काढा. बीएमसीही लाल आणि होस्टही लाल, तर विश्वास ठेवा आणि सुटा भाग मागवा. इथे तत्त्वज्ञान करत बसू नये. बीएमसी हिरवा आणि होस्ट करडा, तर मधली कडी तुटली आहे. सीआयएम सेवा चालू आहे का पाहा. ईएसएक्सआय ६.५ पासून ही सेवा मुळात बंद असते, कंपनीचा प्रोव्हायडर बसवला की चालू होते. चालू असून अडकली असेल तर ती एकटी पुन्हा सुरू करता येते, त्यासाठी बिऱ्हाडे उठवावी लागत नाहीत. तिचे ५९८९ हे पोर्ट फायरवॉलने अडवले आहे का, तेही पाहा.

बीएमसी हिरवा आणि होस्ट मात्र लाल, हा प्रकार लोकांना फार छळतो. बहुतेक वेळा तो शिळ्या बातमीचा मामला असतो. बीएमसीपाशी घटनांची एक नोंदवही असते, सिस्टिम इव्हेंट लॉग. तिची जागा मर्यादित. गेल्या वर्षी कुणी केबल काढली ती नोंद तिथेच पडून राहते, आणि वही भरली की बऱ्याच यंत्रांत नव्या नोंदी घेतल्याच जात नाहीत. ती आधी पूर्ण वाचा, प्रत जपून ठेवा, मगच पुसा. न वाचता पुसणारे आम्ही पाहिले आहेत; त्यांना लाल रंग घालवायचा असतो, रोग नव्हे. बीएमसी स्वतःच गोंधळला असेल तर त्यालाही वेगळे रिसेट करता येते. सर्वसाधारणपणे मुख्य सर्व्हर चालूच राहतो, पंखे मात्र काही वेळ जोरात फिरू शकतात.

पण या सगळ्यांहून घातक प्रकार तो, ज्यात लाल नाही, करडाही नाही, ती ओळच नाही. समजा धुळ्यातल्या एका पतसंस्थेने सर्व्हर घेतला आणि बसवणाऱ्याने त्यावर यंत्रकंपनीची खास आवृत्ती न घालता ईएसएक्सआयची साधी आवृत्ती घातली. प्रोव्हायडर आलाच नाही. पडद्यावर पंखे दिसतात, तापमान दिसते, पॉवर सप्लाय दिसतात, सगळे हिरवे. डिस्कची ओळ नाही. माणूस वीस हिरव्या ओळी पाहून समाधानाने उठतो. एकविसावी असायला हवी होती हे त्याला सुचत नाही. आता रेड-५ या रचनेत एक डिस्क मेली तरी काम चालू राहते. म्हणजे वाड्याचा एक खांब गेला तरी छत उभे. कुणाला कळले नाही, कुणी डिस्क बदलली नाही, आणि चार महिन्यांनी दुसरी गेली की खातेदारांचे हिशेब गेले. पहिली डिस्क मेली तेव्हा कंट्रोलरला ते कळले होते, डिस्कच्या तोंडावरचा दिवाही पिवळा झाला होता. पण ती खोली कुलपात आणि पडद्यावर ओळ नाही. म्हणून सांगतो, काय दिसते याच्या आधी काय दिसायला हवे याची यादी करा: डिस्क किती, पॉवर सप्लाय किती, पंखे किती, कंट्रोलरची बॅटरी आहे का. खोलीत जाऊन, यंत्र पाहून, कागदावर. मग पडदा त्या कागदाशी ताडून पाहा.

साखळीचे वरचे टोक, म्हणजे निरोप, यावर लोक सहसा वेळ घालवत नाहीत. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅब या कंपनीत चुकून डेटाबेस पुसला गेला, आणि तेव्हा कळले की रोजचा बॅकअप कधीचाच अयशस्वी होत होता. तक्रारीचे ई-मेल निघत होते, पण पलीकडचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तासांची माहिती गेली. आपल्याकडे आणखी एक गंमत असते: व्हीसेंटर स्वतःच त्या एकुलत्या होस्टवरचे एक व्हर्च्युअल मशीन असते. होस्ट गेला की बातमी देणाराही गेला. म्हणून बीएमसीलाच थेट ई-मेल पाठवायला शिकवा. ती सोय बहुतेकांत असते. मात्र बीएमसी उघड्या इंटरनेटवर ठेवू नका आणि त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला.

आणि परीक्षा घ्या. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही धड आहेत याची खात्री करून, बॅकअप घेऊन, सगळ्यांना सांगून, एकाची वायर काढा. घड्याळ लावून बसा. फोनवर निरोप आला तर योग्यता सिद्ध. नाही आला तर साखळी खालून वर तपासा: बीएमसीच्या नोंदवहीत घटना आली का, होस्टवर आली का, व्हीसेंटरमध्ये अलार्म उठला का, मेल निघाला का. जिथे पहिल्यांदा ‘नाही’ येते, बिघाड त्याच्या अलीकडच्या सांध्यात. वायर परत लावायला विसरू नका, हे सांगावे लागते.

ही परीक्षा होळीच्या आसपास घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. बहुतेक सर्व्हर आत येणारी हवा १० ते ३५ अंश असेल असे धरून बनवलेले असतात. वीज गेली की यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, एसी नाही. बंद खोलीत सर्व्हर आपल्याच उष्णतेत भाजत बसतो, आणि ‘सर्व्हर चालू आहे ना!’ म्हणून सगळे निश्चिंत. इथे प्रोसेसरच्या तापमानापेक्षा आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहा. प्रोसेसर ७० अंशांवर असणे नवल नाही, हवा ४० वर असणे मात्र धोक्याचे. दुसरी आपल्याकडची सवय अशी की मे महिन्यात अलार्म रोज वाजतो म्हणून तो बंद करतात आणि दिवाळी आली तरी बंदच राहतो. त्रास नको असेल तर एसी जनरेटरवर घ्या, जाळीवरची धूळ काढा. अलार्मचा काय दोष?

एका श्रोत्याने शेवटी विचारले, यंत्र दहा वर्षांचे आहे, कंपनीचा करार संपला, नव्या आवृत्तीसाठी प्रोव्हायडर मिळत नाही; मग? मग पडद्यावर डिस्क दिसणार नाहीत, हे मान्य करून पडद्याशेजारी तसे लिहून चिकटवा, म्हणजे नवा आलेला माणूस फसणार नाही. बीएमसीचे पान रोज उघडा. आणि सकाळी कुलूप उघडून कुणीतरी डिस्कचे दिवे डोळ्यांनी पाहावेत, वहीत तारीख, वेळ, किती दिवे हिरवे, किती पिवळे आणि आपली सही. एखाद्या दिवशी सही नसेल तर त्या दिवशी कुणी पाहिले नाही, एवढे तरी वही वाचणाऱ्याला कळेल.