काळा पाषाण, काळी माती आणि दगडी कोळसा

तहसील कचेरीत कारकुनी करीत असता प्रस्तुत लेखकाने जमिनींच्या कागदांत 'काळी' हा शब्द हजारो वेळा लिहिला. काळी म्हणजे कसदार, असाच समज होता. निवृत्तीनंतर कळंब्यातील घरच्या रानाची माती तपासून घेतली, तेव्हा सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरला. रंग काळा आणि कर्ब थोडा, असे का व्हावे? ह्याचे उत्तर खडकांत सापडते.

आपल्या विहिरीत लागणारा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्हारसाचा आहे. त्याचा काळेपणा लोहयुक्त खनिजांचा. वनस्पतींचा अंश त्यात नाही. त्याच पाषाणाची माती झाली. तिचा रंगही पुष्कळसा खनिजांचा आणि चिकण कणांना जडलेल्या अल्प सेंद्रिय अंशाचा आहे. म्हणून केवळ रंगावरून कस ठरविता येत नाही.

वनस्पतींचा साठलेला कर्ब पाहावयाचा तर चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात जावे. तेथील दगडी कोळसा २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलींतील झाडाझुडपांचा आहे. झाड मेले की जंतू हवेतील प्राणवायूच्या साह्याने त्याचे विघटन करतात आणि कर्ब पुन्हा हवेत जातो. परंतु साचलेल्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू फारसा पोहोचत नाही, तेथे कुजणे मंदावते. वरून गाळाचे थर बसत गेले की हवा पुरती तुटते आणि भार व उष्णता ह्यांनी पाल्यापाचोळ्याचा कोळसा होतो.

जेथे पाचोळा थोडा व चिकण गाळ फार, तेथे कर्बाचे बारीक अंश चिकण कणांना धरून राहतात व कालांतराने काळा, पापुद्र्यांचा शेल खडक बनतो. पृथ्वीच्या पोटातील बहुतेक सेंद्रिय कर्ब कोळशात नसून अशाच खडकांत विखुरलेला आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तरीही जे उगवते त्यातील शंभरात एक भागही असा टिकत नाही.

संस्थानी काळी कोल्हापूरच्या पाण्यासाठी बांधलेल्या आपल्या कळंबा तलावाच्या तळाशी हीच क्रिया अल्प प्रमाणात चालते. म्हणूनच तळ्याचा गाळ शेतास मानवतो.

शेतात मात्र हवा तोडता येत नाही. पिकांच्या मुळांस ती हवीच. तेव्हा आपला कर्ब सतत झिजणार. नांगरट जितकी अधिक, तितकी झीज अधिक. उसाचे पाचट पेटविले तर वर्षाची भर घटकाभरात हवेत जाते. तेच सरीत आच्छादून कुजू दिले, शेणखत व हिरवळीचे खत घातले, तर चिकण माती त्यातील काही अंश धरून ठेवते.

खडकाने एकदा साठविले ते कोटी वर्षे राहिले. शेतास दरसाल द्यावे लागते. बांधवांनी यंदा पाचटास काडी लावण्यापूर्वी आपली माती एकदा तपासून घ्यावी, एवढीच विनंती.